गॅरी किल्डॉल : ‘बायोस’चा विस्मरणात गेलेला जनक

लॅपटॉपचं बटण दाबलं की विंडोज किंवा लिनक्सचं चिन्ह पडद्यावर यायच्या आधी काही सेकंद जातात. त्या सेकंदांकडे आपलं सहसा लक्ष नसतं. पण बरंच महत्त्वाचं काम तेवढ्यात उरकलेलं असतं. वीज मिळताच प्रोसेसर जागा होतो, तेव्हा त्याला स्वतःभोवतीचं काहीच ठाऊक नसतं. मेमरी किती आहे, कीबोर्ड कुठे जोडला आहे, डिस्क कोणती आहे, पडद्यावर अक्षर कसं उमटवायचं, यातलं काहीही नाही. हे सगळं त्याला सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम मदरबोर्डवरच्या चिमुकल्या चिपमध्ये बसवलेला असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. संगणक दुरुस्त करणारी मंडळी मात्र अजूनही त्याला ‘बायोस’च म्हणतात. बेसिक इनपुट आउटपुट सिस्टिम या शब्दांची ती आद्याक्षरं.

हा शब्द ज्यानं जन्माला घातला त्याचं नाव गॅरी किल्डॉल. बिल गेट्स किंवा स्टीव्ह जॉब्ज यांची नावं शाळकरी मुलांनाही माहीत असतात. किल्डॉलचं नाव अनेक संगणक अभियंत्यांनाही सांगता येत नाही. ज्यांना ते माहीत असतं त्यांनाही बहुधा एकच गोष्ट आठवते: आयबीएमची माणसं दारात आली तेव्हा हा गृहस्थ विमान उडवायला गेला होता आणि त्यामुळे त्याच्या हातून जगातला सर्वांत मोठा सौदा निसटला. एका माणसाचं आयुष्य एवढ्या एका किश्श्यात गुंडाळणं अन्यायाचं आहे. शिवाय घरातल्या कपाटात धूळ खात पडलेल्या जुन्या लॅपटॉपचं काय करायचं, या आजच्या प्रश्नाचा एक धागाही थेट किल्डॉलपर्यंत जातो.

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेच्या वायव्येकडच्या सिएटल शहरात झाला. सिएटल हे बंदराचं गाव, आणि किल्डॉल कुटुंबाचा व्यवसायही समुद्राशी जोडलेला. जहाजावरच्या अधिकाऱ्यांना नौकानयनाचं गणित शिकवणारी शाळा हे कुटुंब चालवत असे. तारे, कोन आणि कोष्टकं यांच्या मदतीनं आपण समुद्रात कुठे आहोत हे कसं काढायचं, ते तिथे शिकवलं जाई. गॅरीनंही तरुणपणी या शाळेत शिकवलं. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात त्यानं प्रवेश घेतला तो गणिताचा शिक्षक व्हायचं म्हणून. पण तिथे त्याची गाठ संगणकाशी पडली आणि बेत बदलला. तरी त्याच्यातला शिक्षक कधी गेला नाही. आपल्याला समजलेली गोष्ट दुसऱ्यापुढे उलगडून ठेवायची, ही सवय त्याला आयुष्यभर राहिली.

तो व्हिएतनाम युद्धाचा काळ होता. तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागे. गॅरीला ती सेवा शिक्षक म्हणून करण्याची संधी मिळाली. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर महाविद्यालयात तो संगणकशास्त्र शिकवू लागला. मधल्या काळात वॉशिंग्टन विद्यापीठात परत जाऊन १९७२ मध्ये त्यानं डॉक्टरेटही पूर्ण केली. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा एक शोधनिबंध संगणकशास्त्रात आजही मूलभूत मानला जातो. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरला कम्पायलर म्हणतात. प्रोग्रॅममधली माहिती कुठून कुठे वाहते हे पद्धतशीर तपासलं, तर कम्पायलर अनावश्यक काम गाळून टाकू शकतो, हे त्यानं गणिती रीतीनं मांडलं. आजचे कम्पायलर त्याच विचाराच्या पायावर उभे आहेत. म्हणजे पुढची कथा घडलीच नसती, तरी किल्डॉलचं नाव त्याच्या शास्त्रात राहिलं असतं.

मॉन्टेरेपासून सिलिकॉन व्हॅली मोटारीनं तासा-दीड तासाच्या अंतरावर. १९७१ च्या अखेरीस तिथल्या इंटेल कंपनीनं ४००४ नावाचा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. सुमारे २३०० ट्रान्झिस्टर असलेली ती नखाएवढी चिप होती. ती मुख्यतः हिशेबाची यंत्रं, वाहतुकीचे दिवे असल्या कामांसाठी आहे, असंच बहुतेकांना वाटत होतं. किल्डॉलनं एक चिप मिळवली आणि तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. पुढे सुट्टीच्या दिवशी तो इंटेलमध्ये सल्लागार म्हणून जाऊ लागला. इंटेलच्या प्रोसेसरसाठी त्यानं १९७३ मध्ये पीएल/एम ही भाषा तयार केली. मायक्रोप्रोसेसरसाठी तयार झालेली ती पहिली उच्चस्तरीय भाषा. तोवर या चिपशी बोलायचं तर थेट तिच्या आकड्यांच्या बोलीतच बोलावं लागे.

मात्र या चिपभोवती उभारलेल्या यंत्राला आठवण नव्हती. लिहिलेला प्रोग्रॅम जपून ठेवायचा तर कागदी पट्टीवर भोकं पाडून ठेवावा लागे. ती पट्टी टेलिटाइप यंत्रातून पुन्हा वाचायला बराच वेळ जाई आणि फाटली तर सगळंच संपलं. त्याच सुमारास फ्लॉपी डिस्क आली होती. शुगार्ट कंपनीकडून किल्डॉलनं एक फ्लॉपी ड्राइव्ह मिळवली, पण ती प्रोसेसरला जोडणारं सर्किट बनवणं त्याला जमेना. अखेर वॉशिंग्टन विद्यापीठापासूनचा मित्र जॉन टोरोडी याच्या हाती त्यानं ते काम सोपवलं. टोरोडीनं सर्किट बनवलं. डिस्कवर फाइल ठेवणारा, शोधणारा आणि परत देणारा प्रोग्रॅम किल्डॉलनं लिहिला. १९७४ मध्ये मॉन्टेरेजवळच्या पॅसिफिक ग्रोव्ह या छोट्या गावात हे चालतं यंत्र प्रत्यक्ष दिसलं. त्या प्रोग्रॅमचं नाव सीपी/एम. छोट्या संगणकासाठी तयार झालेली ती पहिली यशस्वी ऑपरेटिंग सिस्टिम ठरली. किल्डॉलनं ती इंटेलला दाखवली. इंटेलनं पीएल/एम भाषा विकायला घेतली, सीपी/एममध्ये मात्र रस दाखवला नाही.

मग गॅरी आणि त्याची पत्नी डॉरोथी यांनी स्वतःच कंपनी काढली. नाव ठेवलं इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. पुढे त्यातला आकाशगंगांचा भाग गळला आणि डिजिटल रिसर्च एवढंच उरलं. गॅरी प्रोग्रॅम लिही, डॉरोथी व्यवहार पाही. १९७६ मध्ये संगणकप्रेमींच्या मासिकात जाहिरात देऊन सीपी/एम सत्तर डॉलरला विकायला सुरुवात झाली.

आणि इथेच बायोसची गोष्ट सुरू होते. त्या काळी छोटे संगणक बनवणाऱ्या कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवत होत्या. प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा, पडदा वेगळा, डिस्कची जोडणी वेगळी. एका यंत्रासाठी लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्यावर चालायची तर आतून कितीतरी ठिकाणी बदल करावे लागत. इम्साई नावाच्या कंपनीला आपल्या संगणकासाठी सीपी/एम हवी होती. तेव्हा पुन्हा पुन्हा तीच हमाली करण्याऐवजी किल्डॉलनं प्रोग्रॅमचे सरळ दोन भाग केले. यंत्रागणिक बदलणारं जे काही आहे ते एका लहान तुकड्यात वेगळं काढलं, आणि बाकीचा भाग सगळ्या यंत्रांसाठी एकच ठेवला. या लहान तुकड्याला त्यानं नाव दिलं बायोस.

पुरणपोळीची कृती एकच असते. पण आच कशी द्यायची हे चुलीवर वेगळं, गॅसवर वेगळं आणि इंडक्शनवर आणखी वेगळं. शेगडी बदलली म्हणून कोणी अख्खं पाककृतीचं पुस्तक नव्यानं लिहीत नाही. आच लावण्याचं पान तेवढं बदललं की झालं. बायोस म्हणजे ते एक पान. कीबोर्डवरून एक अक्षर घे, पडद्यावर एक अक्षर दाखव, डिस्क निवड, अमुक ठिकाणचा तुकडा वाच, अमुक ठिकाणी लिही, अशी मोजकी कामं त्यात असत. सीपी/एमच्या पुढे गाजलेल्या २.२ या आवृत्तीत अशा कामांची यादी अवघी सतरा होती. एवढी सतरा कामं आपल्या यंत्रावर कशी होतात ते लिहून दिलं, की सगळी सीपी/एम त्या यंत्रावर चालू लागे आणि तिच्यासोबत तिच्यासाठी लिहिलेले सगळे प्रोग्रॅमही.

इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. हे पान किल्डॉलनं कुलूप लावून दिलं नव्हतं. सीपी/एमबरोबर बदल कसे करावेत याची पुस्तिका मिळे आणि तीत बायोसचा नमुना मूळ संहितेसह छापलेला असे. संहिता म्हणजे माणसाला वाचता येईल अशा रूपातला प्रोग्रॅम. ज्याच्याकडे यंत्र आहे त्यानं तो नमुना उघडावा, वाचावा, आपल्या यंत्राप्रमाणे बदलावा, अशीच ती योजना होती. सीपी/एमचा बाकीचा भाग कंपनीच्या मालकीचा आणि विकत घ्यायचा होता, पण यंत्राला जोडणारा हा थर मालकानं स्वतः हाताळायचा होता. तो थर वेगळा काढण्याचं कारणच ते होतं.

या कल्पनेनं बाजार पालटला. इम्साईनं १९७७ मध्ये पंचवीस हजार डॉलर मोजून परवाना घेतला. भरभराटीच्या काळात सीपी/एम सुमारे तीन हजार प्रकारच्या संगणकांवर चालत होती आणि डिजिटल रिसर्चची वर्षाची मिळकत ५४ लाख डॉलरवर गेली होती. वर्डस्टार किंवा डीबेससारखे गाजलेले प्रोग्रॅम आधी सीपी/एमवर चालले. पॅसिफिक ग्रोव्हमधल्या लाइटहाउस अव्हेन्यूवरच्या एका जुन्या धाटणीच्या लाकडी घरात कंपनीचं कार्यालय होतं. किल्डॉलला विमानं, मोटारी आणि बोटी यांची हौस होती आणि आता ती पुरवायला पैसाही होता. धंद्यातली चढाओढ मात्र त्याला फारशी मानवत नसे. नवं काहीतरी जमवून दाखवण्यात त्याचा जीव रमे.

१९८० मध्ये आयबीएमनं घरगुती संगणक बनवायचं ठरवलं. त्यांना ऑपरेटिंग सिस्टिम तातडीनं हवी होती. ते मायक्रोसॉफ्टकडे गेले, तिथून त्यांना किल्डॉलकडे पाठवलं गेलं. ठरल्या दिवशी आयबीएमची माणसं पॅसिफिक ग्रोव्हला पोचली तेव्हा गॅरी आपल्या विमानानं एका ग्राहकाकडे आधीच ठरलेल्या कामासाठी गेला होता. यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांशी बोलणी करणं हे तसंही डॉरोथीचंच काम होतं. बोलणं सुरू होण्याआधीच आयबीएमनं गुप्ततेचा एक करार पुढे केला. तो एकतर्फी वाटल्यानं डॉरोथीनं वकिलाच्या सल्ल्यानं सही करायचं नाकारलं. गॅरी दुपारी परतला. त्यानंतर कोण कोणाला भेटलं आणि काय ठरलं, याबद्दल त्या त्या माणसांच्या हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत. करार झाला नाही एवढं खरं. तो विमान उडवत मजा करत होता ही दंतकथा मात्र झाली आणि ती त्याला जन्मभर चिकटली.

आयबीएम मायक्रोसॉफ्टकडे परतली. मायक्रोसॉफ्टनं सिएटलमधल्याच एका छोट्या कंपनीकडून तयार ऑपरेटिंग सिस्टिम मिळवली. ती टिम पॅटरसन या अभियंत्यानं लिहिली होती, आणि सीपी/एमचे प्रोग्रॅम तिच्यावर सहज आणता यावेत म्हणून तिच्या आज्ञांची रचना सीपी/एमसारखीच ठेवली होती. तीच पुढे डॉस झाली. डिस्कना ए, बी, सी अशी अक्षरं देण्याची रीत सीपी/एमकडून डॉसकडे आणि डॉसकडून विंडोजकडे आली. आज आपण सहज सी ड्राइव्ह म्हणतो, तेव्हा नकळत किल्डॉलची रीत पाळत असतो. किल्डॉलनं हे साम्य पाहून आयबीएमकडे तक्रार नेली. आयबीएमनं आपल्या संगणकाबरोबर सीपी/एमही विकायचं कबूल केलं आणि त्यानं दाव्याचा विचार सोडला. पण संगणक दुकानात आला तेव्हा डॉसची किंमत चाळीस डॉलर होती आणि सीपी/एमची २४० डॉलर. गिऱ्हाइकांनी काय घेतलं असेल हे सांगायला नको.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम पीसी जाहीर झाला. त्यात किल्डॉलचा आणखी एक वारसा होता. बायोस हे नाव आणि ती कल्पना आयबीएमनं उचलली होती, पण तिचं रूप पालटलं होतं. सीपी/एमचा बायोस डिस्कवरून मेमरीत यायचा, त्यामुळे बदलणं सोपं होतं. आयबीएमचा बायोस मदरबोर्डवरच्या, फक्त वाचता येणाऱ्या चिपमध्ये होता. त्याची संहिता आयबीएमनं आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापली खरी, पण त्यावर कॉपीराइट होता. वाचायला मोकळीक, वापरायला नाही. म्हणून कॉम्पॅकसारख्या स्पर्धकांना ती संहिता न पाहिलेल्या अभियंत्यांकडून तेच काम करणारा बायोस नव्यानं लिहून घ्यावा लागला. पुढे बायोस तयार करून विकणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या संहिता तर छापल्याही जात नव्हत्या. मालकानं उघडावा म्हणून वेगळा काढलेला थर हळूहळू यंत्रातला सर्वांत बंद थर झाला.

किल्डॉल थांबला नाही. १९८० च्या दशकात सीडी म्हणजे गाण्यांची तबकडी असं लोक समजत असताना, त्यानं दुसरी कंपनी काढून ग्रोलिए या प्रकाशनाचा ज्ञानकोश सीडीवर आणला. ते वर्ष १९८५. ‘कॉम्प्युटर क्रॉनिकल्स’ या अमेरिकेतल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तो सहसूत्रधार म्हणून कित्येक वर्षं दिसला. शांत, हसतमुख, अवघड गोष्ट सोपी करून सांगणारा. त्याच्यातला शिक्षक तिथे पुन्हा दिसला. १९८८ मध्ये डिजिटल रिसर्चनं डॉसला टक्कर देणारी स्वतःची डीआर-डॉस बाजारात आणली. पण तोवर बाजार दुसऱ्यांच्या हाती गेला होता. १९९१ मध्ये नोवेल कंपनीनं डिजिटल रिसर्च विकत घेतली आणि किल्डॉल श्रीमंत होऊन बाहेर पडला.

पैसा होता, तरी एक सल आतून कुरतडत होता. डॉरोथीशी त्याचा घटस्फोट १९८० च्या दशकातच झाला होता. पुढचं लग्नही टिकलं नाही. १९९२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगणक विभागाचा वर्धापन समारंभ होता. त्याच विभागाचा डॉक्टरेटधारक असलेल्या किल्डॉलला पाहुण्यांत बसण्याचं आमंत्रण आलं आणि प्रमुख भाषणाचा मान बिल गेट्स यांना मिळाला. हे त्याच्या जिव्हारी लागलं. आपली बाजू मांडण्यासाठी त्यानं आठवणी लिहायला घेतल्या. काही मित्रांना आणि घरच्यांना त्यानं ते हस्तलिखित दिलं, पण त्याच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. या काळात दारूचं व्यसनही वाढत गेलं होतं, हे पुढे त्याच्या मुलांनीच मोकळेपणानं सांगितलं.

८ जुलै १९९४ रोजी मॉन्टेरेमधल्या एका बारमध्ये किल्डॉलच्या डोक्याला मार लागला. तो पडला की कोणी मारलं, याचा उलगडा झाला नाही. तीन दिवसांनी, ११ जुलैला, रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. मेंदू आणि कवटी यांच्यामध्ये रक्ताची गाठ झाली होती. वय अवघं ५२ वर्षांचं.

या मृत्यूतली एक गोष्ट प्रत्येकानं ध्यानात ठेवण्याजोगी आहे. डोक्याला मार लागल्यावर माणूस उठून बसला, बोलू लागला, म्हणजे धोका टळला असं नसतं. मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साचू शकतं. त्याचा दाब वाढायला कधी काही तास लागतात, कधी काही दिवस, वृद्धांमध्ये तर कधी काही आठवडेही. वयस्कर माणसं, रक्त पातळ करणारी औषधं घेणारे आणि दीर्घकाळ मद्यपान करणारे यांना हा धोका अधिक असतो. दारूच्या अंमलाखाली असलेल्या माणसाची गुंगी ही नशेचीच आहे, असं समजून दुर्लक्ष होण्याचाही संभव असतो. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, झोपाळूपणा, गोंधळल्यासारखं वागणं, बोबडी वळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, झटके येणं, यांतलं एकही लक्षण दिसलं तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावं. वेळेत सीटी स्कॅन झाला तर शस्त्रक्रियेनं अनेकांचा जीव वाचतो.

किल्डॉल गेला त्या सुमारास जगभरच्या घराघरांत विंडोज पोचू लागली होती आणि सीपी/एम अडगळीत पडली होती. पण पाच वर्षांनी, १९९९ मध्ये, अमेरिकेतल्या लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिच या शास्त्रज्ञापुढे जुनाच प्रश्न नव्यानं उभा राहिला. शेकडो साधे संगणक एकत्र जोडून त्यांचा एक महासंगणक करायचा होता. प्रत्येकाचा बायोस मात्र माणूस समोर बसला आहे असं गृहीत धरूनच चालायचा. कीबोर्ड जोडलेला नाही म्हणून एखादं यंत्र अडून बसे आणि कोणाला तरी उठून जावं लागे. बायोस बंद असल्यानं त्याला शहाणपण शिकवण्याची सोय नव्हती. म्हणून मिनिच यांनी चिपमधला बायोस काढून तिथे मुक्त संहितेचा प्रोग्रॅम बसवायचा प्रकल्प सुरू केला. त्याचं नाव होतं लिनक्सबायोस. २००८ मध्ये ते बदलून कोअरबूट करण्यात आलं.

कोअरबूटची रचना पाहिली की किल्डॉलची आठवण यावीच. यंत्र जागं करण्याचं, म्हणजे मेमरी आणि इतर चिप कामाला लावण्याचं काम एका भागाकडे, आणि त्यापुढचं काम दुसऱ्या, अदलाबदल करता येणाऱ्या भागाकडे. जुन्या पद्धतीचा बायोस हवा असेल तर सीबायोस नावाचा मुक्त प्रोग्रॅम त्यात बसवता येतो. गूगलचे क्रोमबुक लॅपटॉप गेली कित्येक वर्षं कोअरबूटवरच सुरू होतात. जुन्या लॅपटॉपसाठी कोअरबूटवर आधारलेला लिबरबूट हा प्रकल्प २०१३ पासून आहे. २००६ चा थिंकपॅड एक्स६० आणि २००८ चा एक्स२०० ही त्याची लाडकी यंत्रं. उत्पादकानं ज्यांच्याकडे कधीच पाठ फिरवली, अशी ही यंत्रं आजही हौशी मंडळींच्या टेबलावर चालताना दिसतात.

हे महत्त्वाचं का? कारण लॅपटॉप म्हातारा होतो तो पुष्कळदा लोखंडानं नव्हे, सॉफ्टवेअरनं. विंडोज १० चा नियमित मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे कितीतरी चालते लॅपटॉप त्या दिवशी जुने ठरले. फर्मवेअरचं तर आणखी अवघड. उत्पादकानं सुधारणा देणं थांबवलं की त्यातली भोकं तशीच राहतात. हा थर ऑपरेटिंग सिस्टिमच्याही खाली असल्यानं तिथे शिरलेला उपद्रव अँटिव्हायरसच्या नजरेला पडणं कठीण. काही लॅपटॉपचा बायोस तर ठरावीक वाय-फाय कार्डाखेरीज दुसरं कार्ड बसवूही देत नाही. संहिता खुली असेल तर असली अडचण कोणालाही दूर करता येते. दुसरीकडे, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सहा कोटी वीस लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला. उरलेल्यातलं शिसं, पारा आणि कॅडमियम माती-पाण्यात आणि भंगार वेचणाऱ्यांच्या शरीरात जातं. चालता लॅपटॉप आणखी पाच वर्षं वापरणं हा त्यावरचा छोटा पण खरा उपाय आहे.

मात्र उत्साहाच्या भरात कोणी लगेच स्क्रू-ड्रायव्हर हाती घेऊ नये. बहुतेकांना जुना लॅपटॉप वापरात आणायला फर्मवेअर बदलण्याची गरजच नसते. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, थोडी अधिक रॅम आणि एखादी हलकी लिनक्स एवढ्यावर काम भागतं. फर्मवेअर बदलायचंच असेल तर आधी आपलं नेमकं मॉडेल कोअरबूटच्या यादीत आहे का ते पाहावं. अनेक मॉडेलमध्ये लॅपटॉप उघडून, चिपला चिमटा लावून, बाहेरून प्रोग्रॅम भरावा लागतो. त्याआधी बॅटरी आणि चार्जर काढून ठेवणं आणि चिपमधल्या मूळ मजकुराची प्रत जपून ठेवणं अत्यावश्यक. एक चूक झाली तर यंत्र सुरूच होत नाही आणि ही जपलेली प्रतच त्याला परत आणते. २०१३ नंतरच्या अनेक इंटेल लॅपटॉपमध्ये उत्पादकाची डिजिटल सही नसलेलं फर्मवेअर प्रोसेसर स्वीकारतच नाही. तिथे मालक असूनही मालकाचा इलाज चालत नाही. चोराला अडवणारं कुलूप मालकालाही अडवतं, यावर जगभर वाद सुरू आहे, आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

किल्डॉलच्या वाट्याला मान आला तो उशिरानं. २५ एप्रिल २०१४ रोजी विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या जागतिक संघटनेनं लाइटहाउस अव्हेन्यूवरच्या त्या घरासमोर सीपी/एमचं स्मारक म्हणून फलक बसवला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं सीपी/एमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांची संहिता सगळ्यांसाठी खुली केली. २०१६ मध्ये त्याच्या मुलांच्या संमतीनं आठवणींचा पहिला भागही प्रसिद्ध झाला. आज कोणाही विद्यार्थ्याला ती संहिता उतरवून घेता येते, ओळीन् ओळ वाचता येते आणि एका शिक्षकानं यंत्राचा तो एक थर वेगळा कसा काढला, हे स्वतः करून पाहता येतं.